सूर्यभान सरांचं कार्ड

परभणीहून ताडकळसला निघालेली एस.टी. खड्ड्यात आदळली आणि मालनच्या मांडीवरची बारीक भोकांची कार्डं खाली पसरली. पुढच्या बाकावरचा तरुण वाकून ती गोळा करू लागला.

"उंदरानं कुरतडलीत जणू!"

"अक्षरं आहेत ती. मुंबईला आमच्या कचेरीतला कॉम्प्युटर वाचतो."

"अन् तुमी?"

"मी लिहिते."

त्यानं वर पाहिलं… हातातलं कार्ड द्यायचं विसरला.

मालन म्हणजे माझी आई. १९७६ साली ती मुंबईत कार्डांना भोकं पाडून माहिती नोंदवणारी पंचकार्ड ऑपरेटर होती, सुटीत मावशीकडे चालली होती. महिनाभरात तिला दोन स्थळं आली होती. दोघांचं म्हणणं एकच, नोकरी सोडा. तो तरुण ताडकळसच्या शाळेतला गणिताचा मास्तर, सूर्यभान.

"उद्या माझ्या दहावीला सांगाल हे? पोरांना वाटतं, नोकरी म्हंजे मास्तर न्हाईतर तलाठी."

"आणि तुम्हाला?"

"मला बी… मघापस्तोर तसंच वाटत हुतं."

दुसऱ्या दिवशी आईनं वर्गात जाड कागदाची कार्डं वाटली. प्रत्येकाच्या वरच्या कडेला चार भोकं, एकेका भोकाला एक प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर भोकापासून कडेपर्यंत कात्रीनं कापायचं. मग तिनं गठ्ठा जुळवला, पहिल्या भोकातून सायकलच्या चाकाची तार घातली, उचलली, हलवली. गणित आवडणाऱ्यांची कार्डं टपटप खाली पडली.

"दहा माणसांची शोधाशोध आता यंत्र अशी करणार."

"मंग कारकुनाला कोन पुसंल, बाई?" मागच्या बाकावरचा पंडित म्हणाला.

"काय विचारायचं ते यंत्राला कळत नाही. ते ठरवणारी माणसं लागतील. तुम्ही व्हा."

चौथा प्रश्न होता, नोकरीसाठी गाव सोडाल? तार हलली. मुलांची कार्डं पडली. मुलींची सातही तारेवर लटकत राहिली. पडलेली कार्डं उचलताना आईनं एक नाव मोठ्यानं वाचलं… सूर्यभान.

"सर, तुमी बी चाललाव व्हय?" कुणीतरी ओरडलं, वर्ग हसला. सर पाठ फिरवून कोरा फळा पुसू लागले.

तेवढ्यात त्या सातजणींतली रुख्मिणी उठली. "बाई, माझं बी कापू का? आता चालंल?"

"तुझंच कार्ड आहे," आई म्हणाली आणि कात्री तिच्या हातात दिली.

आई मुंबईला परत निघाली त्या संध्याकाळी स्टँडवर सर आले.

"कुठं जायचंय तुम्हाला?" आईनं विचारलं.

"जिथं तुमची कचेरी असंल… तिथं."

"नोकरी मी सोडणार नाही."

"म्हनून तर कापलं."

बस आली. आई चढली, खिडकीशी बसली. "मुंबईत गणिताचे मास्तर लागतात," ती म्हणाली. "अर्ज करा… लवकर."

बाबांनी तिथं सव्वीस वर्षं शिकवलं. 'इकडं कसे आलात?' असं कुणी विचारलं की ताठ बसून सांगायचे, "मिसेसची नोकरी हाय इथं."

गेल्या महिन्यात बाबा गेले. त्यांच्या पेटीत ते कार्ड सापडलं. आईनं विणायची सुई चौथ्या भोकातून घातली आणि वर उचलली. कार्ड अलगद तिच्या मांडीवर पडलं.

"बघ," ती म्हणाली, "एकदाबी अडकलं न्हाई."