मालवण ते मंगळ

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या सख्ख्या बायकोचाही बसला नाही. पण मंगळावरची पहिली मुंगी मी शोधली!

तेव्हा मी मंगळावरच्या हरितगृहात (झाडं वाढवायच्या काचघरात) नळ दुरुस्त करायचो. ती मुंगी आता कुपीत वाळून माझ्या टेबलावर आहे. उद्या माझी नात शाल्मली ती शाळेच्या प्रदर्शनात मांडणार आहे. पाटीही तीच लिहिणार, ‘मंगळाची मुंगी’. पण पेन उघडायच्या आधी तिने मला दरडावलं.

“आजोबा, सगळं नीट सांगा. उद्या प्रश्न मला विचारतील. फजिती माझी होईल, तुमची नाही!”

“ऐक तर! टोमॅटोच्या देठावर एक काळा ठिपका पळाला. डावीकडे, उजवीकडे, मध्येच मागे. मी ओरडलो, ‘मंगळवासी!’ आमचा ‘चिमटा’ नावाचा यंत्रमानव घरंगळत आला. डोळ्याला भिंग लावून म्हणाला, ‘दाजी, बोंब नंतर मारा. आधी वर्गीकरण (कोण कुणाच्या नात्यातलं ते ठरवणं) करू.’”

“ते कसं करतात?”

“आधी गाव, मग आळी, मग घर, तसं. पाय सहा, म्हणजे गाव कीटकांचं. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) कोपरासारख्या वाकलेल्या आणि बारीक कमरेला गाठ, म्हणजे आळी मुंग्यांची. मग गाठी बघायच्या. काही मुंग्यांना दोन असतात, हिला एकच. नांगी नाही. मिशा मात्र अंगाला न शोभणाऱ्या लांब, आणि धावणं पिसाटासारखं. चिमटा म्हणाला, ‘सापडलं घर! ही वेडी मुंगी.’ शास्त्रज्ञ खरंच तिला तसं म्हणतात गं!”

शाल्मली भिंग घेऊन स्वयंपाकघरात पळाली. तिथूनच ओरडली, “आजोबा, आपल्या ओट्यावरही आहे! मिशा लांब, गाठ एक, आणि कशी भिरभिरतेय!”

“असणारच. तिचं आढळक्षेत्र (जीव जिथे जिथे सापडतो तो प्रदेश) केवढं मोठं! उष्ण देशांत जवळजवळ सगळीकडे. समुद्रातल्या बेटांवरसुद्धा.”

“बेटांवर? पोहत जाते?”

“छे गं! माणसांच्या सामानातून. पोत्यांत, कुंड्यांत दडून जहाजात चढते. माणूस उतरला की तीही उतरते. थंड देशात उबदार इमारतीत संसार थाटते.” मी छाती फुगवली. “पण मंगळावर ना बंदर, ना जहाज. म्हणजे ही तिथलीच! लिही पाटी.”

शाल्मलीने पेनाचं टोपण चावलं. “मंगळावरची मुंगी मिशीन् मिशी आपल्या ओट्यावरच्या मुंगीसारखी कशी?”

“असते एकेकाची ठेवण.”

“बरं. मंगळावर जाताना आजीने डब्यात काय दिलं होतं?”

“खाजं! आपल्या मालवणच्या जत्रेतलं, आलं-गुळाचं. आहाहा! पण निम्मं तर मुंग्यांनीच...”

मी जीभ चावली. उशीर झाला होता. शाल्मली खुर्चीवर चढली होती.

“थाप! थाप! आजोबा, तुमचं यान म्हणजे जहाजच की! ही मंगळाची नाही, मालवणची मुंगी. खाज्याच्या डब्यातून गेली! मी पाटीवर लिहिते, ‘वेडी मुंगी. आढळक्षेत्र: मालवण ते मंगळ.’ आणि मोठी होऊन मी गुरूच्या चंद्रावर जीव शोधायला जाईन ना, तेव्हा आधी माझा डबा झटकून बघेन!”