पितळी जू

पाण्याखाली उतरायची जुनी साधनं दुरुस्त करणारे त्या शहरात एकच मिस्तरी होते, आणि ते ताकही फुंकून पिणाऱ्यांतले होते. त्यांच्याकडे दोन नळ्यांचे जुने रेग्युलेटर यायचे. एका नळीतून श्वास आत, दुसरीतून बाहेर, मध्ये दातांत धरायची रबरी तोटी. दोन सिलिंडरांना वरून जोडणाऱ्या आडव्या पितळी नळीला गिऱ्हाइकं मॅनिफोल्ड म्हणत. मिस्तरी तिला जू म्हणायचे. एकदा जुंपलं की दोघांचं पोट एक, असं ते बायकोला समजावत. "म्हणजे आपल्यासारखंच," ती म्हणायची.

त्यांचा एक नियम होता. जू चढवण्याआधी जुन्या सिलिंडरमधली हवा सोडून द्यायची. आत काय शिळं कोंडलंय, कुणास ठाऊक.

मंगळवारी सकाळी राखाडी कोटातल्या एक बाई ढकलगाडीवरून असा जोडसंच घेऊन आल्या. जू वाकलेलं, डावं सिलिंडर रिकामं, उजवं भरलेलं.

"ह्यातली हवा तेवढी सोडू नका. माझ्या भावाने भरून घेतलेली आहे."

"किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"बुडाले का ते?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "दुपारी येते."

नाही म्हणायला हवं होतं. पण मिस्तरींचाही एक भाऊ गेलेला होता, आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना जड गेलं. त्यांनी नवं जू बसवलं, डाव्यात ताजी हवा भरली, मग व्हॉल्व्ह उघडला. दोन्हीकडचा दाब सारखा होताना बारीक शीळ वाजली. रेग्युलेटर चढवून, तोटी दातांत धरून त्यांनी नेहमीसारखे दहा श्वास घेतले. हवेला ओल्या लोखंडाची चव होती.

त्यांनी तोटी काढून टेबलावर ठेवली. दाबाचा काटा मात्र खाली येत राहिला. थोडा उतरे, थांबे. पुन्हा थोडा उतरे, थांबे.

गळती असणार, म्हणून त्यांनी सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. श्वास बाहेर सोडायची नळी हाताला कोमट लागली.

"फुकटची हवा खातोय लेकाचा," असं पुटपुटत मिस्तरींनी व्हॉल्व्ह बंद केला.

आणि त्यांचा श्वास थांबला.

दार सताड उघडं होतं, बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांनी आ वासला, पण आत काही येईना. चाचपडत त्यांनी व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा छाती भरली. पुन्हा बंद करून पाहिला. पुन्हा तेच. मग तो उघडा ठेवून ते दाराकडे निघाले. उंबरठ्यावर श्वास अर्धा झाला, रस्त्यावर पाऊल टाकलं तेव्हा उरलाच नाही. ते धडपडत टेबलाशी परतले. त्यांची पाचावर धारण बसली होती.

"अहो, पानं वाढलीत," जिन्याच्या वरून बायकोची हाक आली.

"तू बस. काम अडकलंय."

"काम अडकलंय की तुम्ही?" ती हसली आणि आत गेली.

जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. मिस्तरी तिसरीवरून माघारी आले.

काटा निम्म्यावर आला होता. त्यांनी कॉम्प्रेसर लावून सिलिंडर पुन्हा भरले. काटा पुन्हा उतरू लागला. आता तो त्यांच्याच छातीबरोबर उतरत होता.

दुपारी बाई आल्या.

"हा संच इथेच राहू द्या," मिस्तरी म्हणाले. "पाया पडतो."

"घरी पंप आहे," बाई समजूत घालावी तशा म्हणाल्या. "कोट घ्या बरोबर. गाडीत गार लागतं."

त्यांनी संच ढकलगाडीवर चढवला आणि चालू लागल्या.

छाती आवळली. मिस्तरी मागोमाग निघाले. दारात थांबून त्यांनी जिन्याकडे तोंड केलं.

"अगं—"

पुढच्या शब्दाला हवा पुरली नाही.

बाईंनी संच गाडीत ठेवला आणि मागचं दार उघडलं. सीटवर एक म्हातारा बसला होता. त्याच्या पायाशी असाच एक जोडसंच होता, आणि नखांत पितळेचा काळा कीस मुरलेला होता. वर न बघता, सवयीने, तो सरकला आणि त्याने मिस्तरींना जागा करून दिली.