पाचवी टोपली

माझं काम नेमकं काय, हे बाबांना समजावण्यात माझी चार वर्षं गेली. शेवटी उदाहरण सापडलं ते त्यांच्याच तलावाच्या पाळीचं, म्हणजे मातीच्या बांधाचं.

गोंदियात एका राइस मिलच्या मागच्या गल्लीत, वरच्या खोलीत बसून मी डिजिटल टोकनांचा मेटाडेटा सांभाळतो. लोकांना वाटतं, टोकन विकत घेतलं म्हणजे चित्र किंवा गाणं त्याच्या आतच असतं. कसलं काय. टोकनात असतो फक्त एक पत्ता. त्या पत्त्यावर एक छोटी फाइल असते. नाव, वर्णन, आणि खरी फाइल कुठे ठेवली आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. हाच मेटाडेटा. हे सगळं एकाच कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलं आणि कंपनी बुडाली, तर तुमच्या हाती नुसती दारावरची पाटी उरते. म्हणून आम्ही ते जगभरच्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यात ठेवतो. तिथे फाइलचा पत्ता तिच्या मजकुरातूनच तयार होतो, त्याला हॅश म्हणतात. आत एक स्वल्पविराम बदलला तरी पत्ता बदलतो, त्यामुळे कुणाला गुपचूप फेरफार करता येत नाही. फक्त कुठेतरी, कुणीतरी ती फाइल धरून ठेवली पाहिजे. सगळ्यांनी सोडली की ती गेली.

"म्हंजे आपल्या पाळीवानी," बाबा म्हणाले. "माती टाकनारा असला तं पाळ हाये."

बाबा म्हणजे देवचंद, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम केशोरी. कानाने अधू, बाकी ठणठणीत. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांचे वंशज. आमच्या घरी अक्तीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन एकेक टोपली माती तलावाच्या पाळीवर टाकतात. जो गेला असेल त्याची टोपली मात्र सगळ्यात शेवटी, पाण्यात सोडायची.

दोन हजार एकवीसच्या अक्तीला लॉकडाऊन होतं. पाळीवर चिटपाखरू नव्हतं. आई टोपल्या टाकत होती आणि मी मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड करत होतो. "ही तुह्या बाबाची. ही तुही. ही राखीची. अन् ही माही." चार टोपल्या, चारदा कोरड्या मातीचा आवाज. तेव्हा टोकनांचं वेड जोरात होतं, मीही शिकता शिकता त्या रेकॉर्डिंगचं एक टोकन बनवलं. मेटाडेटात लिहिलं, 'रुख्माबाई, केशोरी. टोपल्या: ४.' माझी बायको राखी म्हणाली, "सासूबाईंना विकायला काढलं का हो?" आई तर हसून हसून खोकायलाच लागली.

ऑगस्टमध्ये आई गेली. पुढच्या वर्षी खुशी झाली.

आता सांगायला लाज वाटते. लोकांच्या फाइली चार-चार ठिकाणी सांभाळणाऱ्या मी आईचा आवाज एकाच ठिकाणी ठेवला होता, एका फुकट सेवेवर. घरी एक प्रत ठेवू, आज ठेवू, उद्या ठेवू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती सेवा बंद पडली, निरोपाचा ईमेल मी वाचला नाही. जुना मोबाइल तर कधीच बिघडून भंगारात गेला होता. यंदाच्या फेब्रुवारीत तीन वर्षांच्या खुशीने विचारलं, "रुख्मा आजी बोलायची कशी?" मी मोठ्या ऐटीत टोकन उघडलं. आत काही नव्हतं.

त्या रात्री मी जेवलो नाही. आईचा फोटो होता, लुगडी होती, चष्मा होता. आवाज तेवढा कुठेच नव्हता, आणि तो मीच घालवला होता.

मग मी रोज जाळ्याला विचारायला लागलो, हा हॅश कुणाकडे आहे? रोज एकच उत्तर, कुणाकडेच नाही. दीड महिना गेला. एप्रिलच्या एका दुपारी, चारच्या सुमारास, उत्तर आलं: एक.

कुणीतरी ती फाइल धरून होतं. मला आनंदाने रडू आलं, खोटं कशाला बोलू. समोरच्या कॉम्प्युटरचं नाव-गाव काही कळेना. उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं तर नऊ मिलिसेकंद. एवढा कमी वेळ म्हणजे माणूस परदेशातला नव्हता, जवळपासचाच कुणीतरी होता. साडेचारला तो गायब झाला. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा हजर.

दुपारी चार ही आईची पाळीवर चहा घेऊन जायची वेळ. हे राखी म्हणाली. मी तिला गप्प केलं.

छोटी फाइल लगेच उतरली. नाव बरोबर, वर्णन बरोबर. खाली लिहिलं होतं, 'टोपल्या: ५.'

"चारच होत्या ना?" मी राखीला विचारलं.

"चारच." तिने खाटेवर झोपलेल्या खुशीकडे पाहिलं. "हिची धरली तर पाच होतात."

मी हॅश तपासला. टोकनात एकवीस साली कोरलेला आणि हा, अक्षर न् अक्षर तोच. चाराचा पाच केला असता तर हॅश पार बदलला असता. माझी रोजीरोटीच या नियमावर चालते. म्हणजे तेव्हा मीच चुकून पाच लिहिलं असणार, असं मी ठरवून टाकलं.

आवाजाची फाइल मात्र उतरेना. दर वेळी तिसऱ्या हिश्श्यावर येऊन थांबायची.

अक्तीला आम्ही केशोरीला गेलो. उन्हं जराशी कलल्यावर बाबा, खुशी आणि मी पाळीवर आलो. राखी घरी पुरणाचं बघत होती. पाणी खाली गेलं होतं, काठची माती भेगाळली होती. बाबांनी टोपल्या मांडल्या. तेव्हा आई टोपल्या टाकत होती तिथेच, एका आंब्याखाली मी लॅपटॉप उघडला आणि मोबाइलचं नेट जोडलं.

चार वाजले.

उत्तर आलं: एक. वेळ: शून्य.

मोबाइलच्या टॉवरपर्यंत जाऊन यायलाच वीसेक मिलिसेकंद लागतात. शून्य फक्त तेव्हाच येतं, जेव्हा फाइल याच मशीनमध्ये असते. ती माझ्या मशीनमध्ये नव्हती. मी दोनदा शोधली.

फाइल सरसर उतरली. हॅश तपासला. तोच.

मी ती लावली.

आधी वारा. मग आईचं खाकरणं.

"ही तुही," आई म्हणाली. माती पडली.

बाबांची टोपली पहिली असायची. ती आली नाही.

"ही राखीची."

माती पडली.

"अन् ही खुशीची. हलकीच भरली बाप्पा, लहान हाये पोट्टी."

मातीत खेळत असलेल्या खुशीने मान वर केली. इकडे तिकडे पाहिलं, आंब्याच्या मागेही डोकावून आली. मग हसली आणि म्हणाली, "आजीचा आवाज छान आहे."

याच एका वाक्यासाठी मी तीन महिने झुरलो होतो. तिला जवळ घेतलं.

रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. पावलं वाजली, उतारावरून खाली जाणारी. मग आई एकदम हळू, एरवी फक्त बाबांशी बोलायची त्या आवाजात बोलली.

"अन् ह्या दोन आपल्या."

पाणी वाजलं. पुन्हा एकदा वाजलं. फाइल संपली.

मी लॅपटॉप मिटला, पण बाबा शेजारी येऊन बसले होते. "मले आयकव ना. तुही माय बोलली काय?"

नाही कसं म्हणणार? चार वर्षं झाली होती त्यांना तिचा आवाज ऐकून. वाटलं, त्यांना अर्धंमुर्धं ऐकू येईल, तेवढंच पुरे. फाइल मोबाइलवर घेतली आणि त्यांच्या कानाला लावली. डोळे मिटून त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. चेहरा इतका मऊ झालेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी उठून टोपल्या उचलल्या आणि नावं घेत टाकायला लागले. माझी, राखीची, खुशीची. स्वतःची हातात धरून थांबले.

"माही कोठी टाकली तिनं?"

"पाळीवर, बाबा," मी म्हणालो. "सगळ्यात आधी."

त्यांनी मान हलवली. माझ्या डोक्यावर मातीचा हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा.

"मंग पान्याचा आवाज दोनदा काऊन आला?" ते म्हणाले, आणि टोपली घेऊन उतारावरून खाली जायला लागले.