मानाची ढेप

आमच्या घरात दिवाळीपासून पंखा लागला नव्हता. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, उजव्या हाताला वारा लागला की ते दात आवळून भिंतीकडे तोंड करायचे. अर्धांगाचा झटका येऊन गेला, बोलणं परत आलं, चालणंही आलं, पण हात जळतच राहिला. शर्टाची बाहीसुद्धा सोसायची नाही. दर शनिवारी कागलहून स्कूटीवर येऊन व्यायाम करून घेणाऱ्या पूर्णिमा मॅडम समजावून सांगायच्या, की हाताला काही झालेलं नाही, दुखणं मेंदूत आहे.

"मग ह्यो पेटता इंगळ कुणाच्या हातात हाय?" आप्पा विचारायचे.

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. आप्पा मात्र चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतला उकळता पाक ते बोटांनी पारखायचे. हात आधी गार पाण्यात, मग पाकात, लगेच पुन्हा पाण्यात. बोटांत गोळी वळली की काहील उतरवायची. माझा थर्मामीटर बघून ते हसायचे आणि मी चिडायचो, कारण त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

जानेवारीत ते मला गोठ्यात दिसले. उजवा हात ओंडक्यावर ठेवलेला, डाव्या हातात ऊसतोडीचा कोयता. मी तो हिसकावून घेतला. घरातले कोयते, विळे कुलपात टाकले, आणि तरीही ड्यूटीवर असताना फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचो.

त्याच आठवड्यात, जरा जीव रमेल म्हणून, त्यांना जुन्या गुऱ्हाळावर नेलं. दुपारचे तीन वाजले होते. काहिलीत पिवळा फेस चढला होता. मी सवयीनं थर्मामीटर बुडवला. एकशे सोळा. नवा गुळव्या पलीकडे जाळ सारत होता. आप्पा उठले, काहिलीपाशी गेले, आणि पाण्याच्या बादलीकडे न बघता उजवा हात मनगटापर्यंत पाकात घातला.

मी ओरडून त्यांना मागं ओढू लागलो. ते हलेनात.

"गार हाय रं, राजू," ते म्हणाले. "लई गार."

हात बाहेर आला तो कोरडा. फोड नाही, लाली नाही, पाकाचा चिकटाही नाही. मी थर्मामीटर पुन्हा बुडवला. एकशे सोळाच.

त्या दिवशी आप्पा संध्याकाळी जे झोपले ते सकाळी उठले. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता. माझी आई, अव्वा, देवघरासमोर रडली. मी न्हाणीघरात जाऊन रडलो.

त्या काहिलीच्या सतरा ढेपा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गेल्या. पहिली ढेप गुळव्याच्या घरी द्यायची, ही तिथली रीत. नव्या गुळव्यानं ती मानानं आप्पांना दिली.

चार दिवसांनी मी ती उचलायला गेलो, तर कोमट लागली. थर्मामीटर खुपसला. चव्वेचाळीस. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. आठव्या दिवशीही तेवढेच. फळीवरच्या मुंग्या ढेपेपासून वीतभर लांबून वळसा घालून जात होत्या.

ती फेकायला हवी होती. यार्डात फोन करायला हवा होता. पण काय सांगणार होतो? आणि खरं सांगायचं तर मला काही हलवायचंच नव्हतं. आप्पा झोपत होते. मी ढेपेवर फडकं टाकलं आणि अव्वाला एका शब्दानं बोललो नाही.

त्या शनिवारी मी ड्यूटीवर होतो. आप्पांना बघून पूर्णिमा मॅडमना फार आनंद झाला, असं अव्वानं रात्री जेवताना सांगितलं. उन्हातनं आलेल्या पोरीला नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणून तिनं गुळाचा खडाही पुढं केला होता. कुठल्या ढेपेतला, ते मी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मी रजा घेतली. त्या उशिरा आल्या. स्कूटी नव्हती, रिक्षानं आल्या.

खुर्चीत बसल्या. वर पंखा फिरत होता. आता तो आम्ही दिवसभर लावत होतो.

पाण्याचा तांब्या त्यांनी डाव्या हातानं घेतला. उजवी बाही कोपराच्या वर दुमडलेली होती, आणि तो हात अंगापासून लांब, गुडघ्यावर उताणा ठेवलेला.

"आप्पा बरे आहेत ना?"

"झोपलेत," मी म्हणालो.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाल्या, "राजूदादा, तेवढा पंखा बंद करता का?"

मी उठून बटण दाबलं. पाती थांबली, आणि आतल्या खोलीतून आप्पांचं घोरणं ऐकू यायला लागलं.