इस्फहानच्या वाकड्या दारापाशी

“हे दार असं वाकडं का हो?”

गिरिजाने चमकून वर पाहिलं. वॉशिंग्टनच्या एका म्युझियममध्ये दर रविवारी ती इराणमधल्या इस्फहानच्या जुन्या चौकाच्या मॉडेलपाशी उभी राहून लोकांना माहिती सांगायची. तिच्या पीएचडीचा विषयच तो. पण प्रश्न चक्क मराठीत? आणि विचारणारा असा उंच, हसऱ्या डोळ्यांचा...

झालं! शोभामावशीने आणखी एक स्थळ पाठवलं.

मावशीची पद्धत ठरलेली. मुलगा ‘योगायोगाने’ भेटायचा, आणि छाप पाडायला एक वाक्य घोकून यायचा – ‘इस्फहान म्हणजे अर्धं जग!’ आधीचे सगळे तेच म्हणाले होते.

“मी मराठी आहे हे कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. मघाशी फोनवर ‘मावशी, ठेव आता!’ म्हणालात. अख्ख्या गॅलरीने ऐकलं. मी अक्षत.”

“बरं. म्हणा मग.”

“काय म्हणू?”

वा, भोळेपणाचं सोंगही छान! तिने ओठ आवळले. पण प्रश्न चांगला होता, आणि चांगल्या प्रश्नापुढे तिचं काही चालत नसे.

“हे मशिदीचं दार. चौकाची दिशा एक, मशिदीची दुसरी, मक्केकडे. म्हणून वाट वळवावी लागली. पण त्या वळणावर बांधणाऱ्यांनी मुद्दाम अंधार ठेवला, असं मला वाटतं. त्याच काळात तिथले तत्त्वज्ञ म्हणत होते, असणं सगळ्यांचं एकच – उजेडासारखं. कुठे मिणमिणतं, कुठे लख्ख. बाजारातला माणूस चालता चालता त्या अंधारातून घुमटाखाली येतो, आणि...”

“...जरा जास्त असतो,” तो हळूच म्हणाला.

हे वाक्य मावशीचं नव्हतं. नक्की नव्हतं. की पढवणारं कुणी हुशार निघालं?

“तुम्ही करता काय?”

“इथून जवळच, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटर डिझाइन करतो. एवढाल्या इमारती, आणि आत नुसते सर्व्हर, माणूस नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी माणसांसाठी बांधलेलं काहीतरी बघत फिरतो, यार.” तो ओशाळला. “सॉरी, यार निघून गेलं तोंडातून.”

तिला हसू आलं. ते तिने दाबलं. गोड बोलणारे तर जास्तच धोक्याचे!

तेवढ्यात मागून अत्तराचा घमघमाट आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात चकल्यांचा डबा.

“अरे वा, काय योगायोग! तू शोभाकाकूंची भाची ना? मी प्रथमेश.” त्याने मॉडेलकडे बघत खोल श्वास घेतला. “इस्फहान म्हणजे... अर्धं जग!”

गिरिजाचे कान तापले. इतका वेळ ती ज्याला आरोपी समजत होती, तो खरंच नुसतं एक दार बघायला आला होता! प्रथमेशला तिने गोड शब्दांत, चकल्यांसकट, वाटेला लावलं. वळून बघते तो अक्षत निघालेला.

“थांबा ना!” तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. “मला वाटलं, तुम्हालाही मावशीनेच...”

“कळलं ते आत्ता.” तो थांबला, पण हसला नाही. “खरं सांगू? दाराचं मी उगीच विचारलं. तुम्ही बोलताना हात असे हलवता... तेच बघत उभा होतो कधीचा.”

म्हणजे दारही बघायला नव्हता आलेला! तिने त्याला नीट न्याहाळलं. तो आता लाजून छताकडे बघत होता.

“पाचला सुटते मी,” ती म्हणाली. “कॉफी... पाज मला.”

“म्हणजे संशय गेला?”

“छे! तो येणार आहे ना बरोबर. तिघांची कॉफी सांग.”