मोकळं टोक

जिन्याच्या वळणावर ती त्याच्यावर आदळली, आणि तिच्या बॅगेतल्या वायरी पायऱ्यांवरून घरंगळत गेल्या. तो तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातला, नकाशे काढणारा. एकेक वायर उचलून त्यानं अशी गुंडाळून दिली, जणू वेणीच घातली.

"नेटवाल्या बाई ना? तुमचीच वाट बघतोय."

"सगळे?"

"सगळे सकाळपासून. मी... आत्तापासून."

त्या ऑफिसचं नेट रोज चारला जायचं. सकाळी ती पोचावी, तर सगळं सुरळीत! रोगी धडधाकट, वैद्य वेड्यात. तो न विचारता चहा आणायचा. कपाच्या वाफेआडून बघायचा... अन् तिची बोटं चुकीच्या वायरीवर जायची.

पाचव्या दिवशी साहेब म्हणाले, "आज सापडलं नाही, तर उद्यापासून दुसरा माणूस."

नवी नोकरी. आज चार वाजेपर्यंत हलायचं नाही, असं ठरवून ती बैठकीच्या खोलीत, कोपऱ्यात जमिनीवर बसून राहिली. टेबलाखालच्या, नेटच्या वायरी जोडलेल्या डब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, काजव्यांसारखे.

चारला रोजच्या बैठकीचे पाहुणे उठले. तो आला. खुर्च्या सरळ केल्या, कप उचलले. डब्यातून निघालेली, पाहुण्यांच्या लॅपटॉपची वायर लोंबत होती. तिचं मोकळं टोक त्यानं अलगद त्याच डब्याच्या रिकाम्या भोकात खोचलं.

दिवे पिसाटले. हॉलमधून ओरडा—"गेलं! नेट गेलं!"

"तुम्ही?" ती उठलीच.

तो दचकला. "मी काय केलं? लोंबतं बघवत नाही, म्हणून रोज खोचतो. सकाळी पाहुणे लॅपटॉपला लावायला काढतातच."

"अहो, दोन्ही टोकं एकाच डब्यात! निरोप आतल्या आत गरगरतात, बाहेर पडतच नाहीत."

"हं..." तो हळूच म्हणाला, "माझंही तसंच झालंय."

तिनं वायर उपसली. दिवे शांत झाले. तिचं काळीज मात्र नाही. अहवालात 'कारण' लिहून पेन्सिल अडली. त्याचं नाव कसं लिहायचं?

तो मात्र थेट साहेबांपुढे उभा. "साहेब, नेट पाडणारा उंदीर मीच."

"नद्या वळवा नकाशात," साहेब कडाडले, "ऑफिसातल्या वायरी नकोत!" मग तिच्याकडे वळून हसले. "शाबास, पोरी."

नोकरी वाचली. पण जिन्यात तो तिला आडवा आला.

"सापडलं... म्हणजे उद्या तुम्ही येणार नाही."

तिनं ती वायर उलगडली. एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या बोटाभोवती गुंडाळत दोन पायऱ्या खाली उतरली.

"आता बोल. बाहेर पडू दे."

तिच्या तोंडचं ते पहिलंच 'अरे-तुरे'. त्याचे कान लाल झाले.

"उद्या चारला... नेट नाही गेलं, तरी येशील?"

"नाही," ती म्हणाली. वायर हलकेच ताणली गेली. "साडेतीनला येईन."