दोन कुलपांचं घर

नवनगरमधल्या त्या घराच्या दाराला दोन कुलपं होती. वरचं प्रभंजन हुद्दारांचं आणि खालचं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अंबूताईंचं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. आतलं सामान दुसरा गुपचूप हलवतो, असा दोघांनाही संशय. म्हणून दोघं एकदम आल्याशिवाय घर उघडायचंच नाही, अशी सोय धारवाडच्या शेषगिरी वकिलांनी करून दिली होती. ते या कुटुंबाला पंचेचाळीस वर्षं ओळखत होते आणि प्रकरण कोर्टात न जाता मिटावं म्हणून खटपट करत होते.

मला त्यांनीच बोलावलं.

"भाग्या, तू ते कंप्युटरवर घर उभं करतेस ना, तसं हे उभं कर. दोघं आपापल्या घरी बसून बघतील. उद्या कुणी म्हणायला नको, अमुक वस्तू होती नि आता नाही."

माझं काम तेच आहे. मी घरांचे, दुकानांचे, मंगल कार्यालयांचे शेकडो फोटो काढते. केशवापूरला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, तिथं सॉफ्टवेअर ते फोटो एकमेकांना जोडतं आणि त्यातून अख्खी वास्तू उभी राहते. लिंक उघडली की माउसनं खोल्याखोल्यांतून फिरता येतं. मी जिथं कधी उभी राहिले नाही, अशा जागेवरूनही बघता येतं. त्यात जादू काही नाही. एकच खिळा दहा फोटोंत दहा बाजूंनी दिसला, तर तो नेमका कुठं आहे हे हिशेबानं काढता येतं. माणसं मात्र त्यात टिकत नाहीत. माणूस हलतो, प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी दिसतो, म्हणून सॉफ्टवेअर त्याला गाळून टाकतं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी साडेदहाला आम्ही तिथं जमलो. आधी प्रभंजननी वरचं कुलूप काढलं आणि ते बाजूला झाले. मग अंबूताई पुढं झाल्या. प्रभंजन सत्तावन्न वर्षांचे, निवृत्त शिक्षक. अंबूताईंची साठी उलटलेली. बहिणीचं नाव घ्यायची वेळ आली की ते "त्या बाई" म्हणत.

"त्या बाईंना सांगा, मागचं दार उघडायचं नाही."

"मला ऐकू येतं," अंबूताई माझ्याकडं बघून म्हणाल्या.

मी दोघांनाही व्हरांड्यात बसायला सांगितलं. घर बैठं आणि साधं. हॉल, मधली खोली, स्वयंपाकघर, मागं एक अरुंद खोली. लाल फरशी. बंद घराला येतो तसा वास, पण त्यात ओल्या केसांना लावलेल्या तेलाचाही वास होता, हे मला नंतर आठवलं. मधल्या खोलीचं दार भिंतीला टेकवून उघडं होतं. तिथं आरशाचं लोखंडी कपाट होतं. मी दीड तासात दोनशे शहाऐंशी फोटो काढले. आत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

शुक्रवारी दोघांना लिंक पाठवली. शनिवारी सकाळी नऊला प्रभंजनांचा फोन आला.

"आत कोण होतं?"

"कुणी नाही. मी एकटी."

"मधल्या खोलीत जा. दाराच्या मागच्या बाजूला वळून बघा."

मी लॅपटॉप उघडला. त्या बाजूनं मी एकही फोटो काढला नव्हता. दार आणि भिंत यांच्यामध्ये शिरायला जागाच नव्हती. तिथं नुसता करडा, अर्धवट भाग दिसायला हवा होता. मी माउस फिरवला.

दाराआड दोन पावलं होती. अनवाणी, जवळजवळ, टाचा भिंतीला टेकलेल्या. वर निळा परकर. त्याच्यावर एक कोपर. आणि आणखी वर, मध्ये काहीच नसताना, लाल रिबिनीनं वर बांधलेली एक वेणी.

"त्या बाईंनी मागच्या दारानं कुणाची तरी पोरगी आत घेतली," प्रभंजन म्हणाले. "तुम्हांला कळलंसुद्धा नाही."

मी फोन ठेवला आणि सगळे फोटो एकेक करून तपासायला घेतले. माझा स्वभाव असा की चूक सापडेपर्यंत मला जेवण जात नाही. दुपारी तीनपर्यंत मला कळलं. अख्खी ती एकाही फोटोत नव्हती. पण एकोणतीस फोटोंत तिचा एकेक तुकडा होता. बिजागरीच्या फटीतून बोटभर निळं कापड. कपाटाच्या आरशाच्या कडेला कोपराचं टोक. खिडकीच्या काचेत लाल ठिपका. मी ज्याला धूळ किंवा सावली समजून पुढं गेले असते, ते सॉफ्टवेअरनं एकत्र केलं होतं. एकोणतीस फोटो पाऊण तासाच्या अवधीत काढलेले होते. तेवढा वेळ ती केसभरही हलली नव्हती. हलली असती तर गाळली गेली असती.

आरशांमुळं सॉफ्टवेअर गोंधळतं, हे मला माहीत आहे. मी स्वतःला तेच सांगितलं.

सोमवारी धारवाडला, वकिलांच्या ऑफिसात, दोघांना बोलावलं होतं. टेबलाच्या दोन टोकांना दोघं. मध्ये माझा लॅपटॉप.

"हा ह्याचाच डाव," अंबूताई आल्या आल्या म्हणाल्या. त्यांनी अजून लिंक उघडलेलीच नव्हती, वकिलांकडून ऐकलं होतं तेवढंच. "मला घाबरवून घर सोडायला लावायचं. कुणाची तरी बाहुली आणून ठेवली असेल."

"माझी किल्ली एक, तुमची एक. मी आत जाणार कसा?"

"मग मी कशी गेले?"

"दाखव गं," वकील मला म्हणाले.

मी मधल्या खोलीतून हळूहळू आत गेले, दाराला वळसा घातला आणि थांबले. प्रभंजननीही एवढ्या मोठ्या पडद्यावर ते आधी पाहिलं नसावं. त्यांच्या फोनवर वेणी नीट दिसलीच नव्हती, असं ते नंतर म्हणाले. ते पुढं वाकले आणि चष्मा काढून पुसायला लागले. पुसतच राहिले.

अंबूताईंचा हात टेबलावर होता. तो त्यांनी मांडीवर घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी हिला ओळखत नाही."

कुणी विचारलं नव्हतं.

ती दोघं वेगवेगळी निघून गेली. मी लॅपटॉप आवरत होते, तेव्हा वकील खिडकीशी उभे होते.

"सर, त्यांना आणखी बहीण होती?"

"नाही. दोनच मुलं." मग बाहेर बघतच म्हणाले, "अळणावरकडचा धोंडिबा म्हणून एक शेतकरी होता, ह्यांच्या वडिलांच्या ओळखीचा. त्याची मुलगी शाळेसाठी म्हणून ह्यांच्याकडं राहत होती. ह्या दोघांच्या बरोबरीचीच. मला ते ऐकूनच माहीत. वर्षभरानं गावी परत नेली म्हणे."

"म्हणे म्हणजे?"

"ह्यांचे वडील तसं सांगायचे. धोंडिबा मात्र पुढं दोनचार वर्षं नवनगरला येत राहिला. का येत होता, ते मी कधी विचारलं नाही." ते खिडकीपासून वळले. "तूही विचारू नकोस. तू परत एकदा फोटो काढ आणि नीट करून दे. मशीनची चूक असेल."

मलाही तेच हवं होतं.

बुधवारी पुन्हा गेलो. या वेळी मी सगळी खबरदारी घेतली. आधी मागच्या दाराच्या फटीवर चिकटपट्टी लावली. कपाटाचा आरसा चादरीनं झाकला. मग मधल्या खोलीचं दार पुढं ओढून त्याच्या मागं बघितलं. तिथं एक खुंटी होती आणि फरशीवर दोन वर्षांची धूळ. धुळीवर एकही खूण नव्हती. मी त्या कोपऱ्याचे बारा फोटो काढले. नंतर उरलेलं घर. एकूण तीनशे चार.

व्हरांड्यात प्रभंजन आणि अंबूताई एकाच बाकावर बसले होते. घराकडं पाठ करून. मध्ये एका माणसाची जागा सोडून. आत मी दीड तास होते, तेवढ्या वेळात दोघांपैकी कुणी एकदाही मागं वळून बघितलं नाही. उन्हाचा पट्टा त्यांच्या पायांवरून गुडघ्यांवर आला, तरी कुणी सरकलं नाही.

निघताना मी मागच्या दाराची चिकटपट्टी पाहिली. जशीच्या तशी होती. दोघांनी कुलपं लावली. शेजारच्या वेणूबाई फाटकाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याबरोबर दुसरं कोण आलं होतं?"

"कुणी नाही. का?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग प्रभंजनांकडं. "असंच विचारलं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

केशवापूरला आल्यावर मी फोटो सॉफ्टवेअरमध्ये घातले. दुपारी चारला काम पूर्ण झालं. बाहेर रस्त्यावर रिक्षांचे आवाज चालू होते, समोरच्या दुकानात कुणीतरी कापड फाडत होतं. मी सरळ मधल्या खोलीत गेले. दाराआड खुंटी होती. कोपरा रिकामा होता.

मी खुर्चीत मागं टेकले. बरं वाटलं.

मग बाकीचं घर तपासायचं म्हणून स्वयंपाकघराकडं वळले.

ती उंबऱ्यात बसली होती.

या वेळी पूर्ण होती. गुडघे पोटाशी घेतलेले, परकर घोट्यांपर्यंत ओढलेला, दोन्ही वेण्या. दहा-अकरा वर्षांची असेल. तो उंबरा मी निदान वीस वेळा ओलांडला होता.

मी फोटो उघडले. उंबऱ्यात कुणी नव्हतं. पण फळीवर स्टीलचे डबे होते. प्रत्येक डब्याच्या चकचकीत पत्र्यात मुगाच्या दाण्याएवढं तिचं प्रतिबिंब होतं.

ते मॉडेल मी वेबवर चढवलं नाही. कुणाला पाठवलं नाही. कुणाशी बोलले नाही. लॅपटॉप बंद करून नुसती बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी वकिलांचा फोन आला. "मिटलं बघ. दोघं काल संध्याकाळी एकाच रिक्षानं आले. घर विकायचं नाही, वाटायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. कुलपं आहेत तशी राहू देत म्हणतात. आणि तुझं ते सगळं पुसून टाक."

"का म्हणून?"

"विचारलं नाही."

दोन वर्षं न बोलणारी माणसं एका संध्याकाळी एकमताची झाली, आणि ज्या घरासाठी भांडत होती ते दोघांनाही नको झालं. मला त्या दोघांचा राग आला. भीतीही वाटली, पण राग जास्त. शुक्रवारी, सगळं पुसल्याचं पत्र घेऊन मी धारवाडला गेले, तेव्हा ठरवूनच गेले होते की विचारायचं.

दोघं शेजारीशेजारी बसले होते. अंबूताई चार दिवसांत वाळल्यासारख्या दिसत होत्या. मी पत्र पुढं केलं. प्रभंजननी सही केली.

"धोंडिबाच्या मुलीचं नाव काय होतं?" मी म्हणाले.

वकिलांनी मान वर केली. प्रभंजन पेनचं टोपण लावत होते. ते त्यांना लागेना.

"कुणाच्या?" ते म्हणाले.

"अळणावरच्या धोंडिबाच्या."

"असल्या नावाचं कुणी आम्हांला माहीत नाही."

अंबूताईंनी पत्र आपल्याकडं ओढून घेतलं. सही केली. मग पत्रावरून नजर न काढता मला विचारलं, "या खेपेला बसली होती ना ती?"

दुसऱ्या मॉडेलबद्दल मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"साकु, अक्का," प्रभंजन हळूच कानडीत म्हणाले. पुरे. त्यांनी अंबूताईंच्या मनगटावर हात ठेवला.

"उभी राहून दमली असेल." अंबूताईंचा आवाज अगदी साधा होता, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा. "तोंड कुणीकडं होतं गं तिचं?"

"मी दुसऱ्यांदा जोडलंच नाही," मी म्हणाले. "फोटो तसेच पुसले."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. मी पत्र घेऊन बाहेर पडले आणि मिळाली त्या पहिल्या बसमध्ये चढले.

मी खोटं बोलले होते. पुसण्याआधी मी ते डबे असलेले फोटो वेळेप्रमाणं ओळीनं लावून, मोठे करून बघितले होते. तिचं तोंड व्हरांड्याकडं होतं, बाकावर बसलेल्या त्या दोन पाठींकडं. पहिल्या फोटोत ओठ मिटलेले होते. विसाव्या फोटोत किंचित विलग झालेले. शेवटच्या फोटोत तोंड पूर्ण उघडलेलं होतं, 'अक्का'मधला 'अ' म्हणताना उघडतं तसं.

दीड तासात तिचं तेवढं एकच अक्षर झालं होतं.